एका मुलीपुरती जागा

उर्वी रॅप करते हे मला पहिल्यांदा तिच्या आईकडून कळलं, आणि तेही तक्रार म्हणून. सुमन आणि मी इंग्लंडमधल्या रीडिंग शहरात पंचवीस वर्षं शेजारी राहतोय. सुमन फार्मसिस्ट, तिचा नवरा गिरीश इथल्या हॉस्पिटलमध्ये भूल देणारा डॉक्टर. उर्वी त्यांची एकुलती एक. मी शनिवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये मुलांना मराठी शिकवते आणि उर्वी सहा वर्षांची असल्यापासून माझ्या वर्गात होती. लिंग, वचन तिला कधी जमलं नाही. ‘तो झाड’ आणि ‘ती पुस्तक’ अजूनही चालू असतं. पण यमक मात्र अशी पकडायची, की बाकीची पोरं तोंडाकडे बघत राहायची.

ती सोळा वर्षांची असताना एका संध्याकाळी सुमन माझ्याकडे आली. म्हणाली, उर्वी खोलीत कोणाशी तरी तावातावाने भांडतेय असं वाटून मी दार उघडलं, तर बाई आरशासमोर एकटीच. रॅप करत होती. “अरुणा, भांडत असती तर परवडलं असतं,” सुमन म्हणाली. मी हसले. तिला हसू आलं नाही.

पुढचं सगळं मला उर्वीनेच सांगितलं, निरनिराळ्या शनिवारी, वर्ग सुटल्यावर. शिकून झाल्यावरही ती मला मदत करायला यायची. लहान मुलांचा गट सांभाळायची आणि मग आम्ही दोघी खुर्च्या आवरत बोलत बसायचो. आता ती तिशीला आली आहे.

शहरातल्या एका यूथ सेंटरमध्ये महिन्यातून एकदा ओपन माइक असायचा. नाव नोंदवायचं, नंबर आला की माइक हातात घ्यायचा. उर्वी पहिल्यांदा गेली तेव्हा यादीत बारा नावं होती आणि त्यात मुली दोनच. यादी करणाऱ्याने दोघींना लागोपाठ ठेवलं होतं. दुसरी होती केमी. तिचे आईवडील नायजेरियाचे, घर रीडिंगच्याच टाइलहर्स्ट भागात, आई म्हाताऱ्यांच्या केअर होममध्ये कामाला. केमीचा आवाज खालचा आणि सावकाश. ओरडायची नाही, तरी मागच्या रांगेतली पोरं फोन खाली ठेवायची. उर्वी तिच्यानंतर माइकवर गेली आणि आपण किती किंचाळतोय हे तिला स्वतःलाच ऐकू आलं. पहिली ठिणगी तेव्हाच पडली, असं ती सांगते. तरी बाहेर आल्यावर दोघी बसस्टॉपवर बोलत उभ्या राहिल्या आणि दोन बस सोडल्या.

मग सात-आठ वर्षं त्या दोघी एकत्रच असायच्या. सतरा नंबरच्या बसमध्ये वरच्या मजल्यावर बसून लिहायच्या. उर्वी वहीत, केमी फोनवर अंगठ्याने. रॅपमधल्या ओळींना ही मंडळी बार्स म्हणतात. केमी एकेक बार दहा वेळा खोडून पुन्हा लिहायची आणि कडवं जमलं की उर्वीच्या कानात म्हणून दाखवायची.

एकत्र असण्याचं दुसरंही कारण होतं. कोणी रेकॉर्डिंगला बोलावलं तर ते बहुधा कोणाच्या तरी फ्लॅटमध्ये असायचं आणि तिथे चार-पाच अनोळखी पुरुष बसलेले असायचे. म्हणून एक रेकॉर्ड करत असताना दुसरी दाराजवळच्या खुर्चीवर कोट न काढता बसून राहायची. एका ठिकाणी साउंड बघणाऱ्या माणसाने उर्वीला विचारलं, तू कोणाची गर्लफ्रेंड? माझंच नाव तुझ्या हातातल्या कागदावर आहे, असं तिने सांगितलं. त्याने कागद उलटून बघितला. उर्वीला लोक सांगायचे, साडी नेसून कर, व्हायरल होशील. केमीला सांगायचे, जरा हस, रागीट दिसतेस. व्हिडिओखाली शंभर कॉमेंट असल्या तर नव्वद अंगाविषयी असायच्या आणि शब्दांविषयी एकही नाही. त्या दोघी हे एकमेकींना वाचून दाखवत आणि हसत. एकटीने वाचलं असतं तर हसू आलं नसतं.

पण उर्वी केमीवर जळत होती, आणि हे तिने माझ्यापासून कधी लपवलं नाही. सगळ्यात जास्त जळायची ती केमीच्या आईवर. ती माउली ड्यूटी संपवून, युनिफॉर्मवर कोट चढवून प्रत्येक कार्यक्रमाला यायची, पहिल्या रांगेत उभी राहायची आणि डब्यातून दोघींना भात आणायची. सुमन एकदाही गेली नव्हती. उर्वी ब्रॅकनेलच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करायला लागली होती, तेवढंच सुमन सगळ्यांना सांगायची.

मग तो फेस्टिव्हल आला. ब्रिस्टलजवळच्या एका मैदानावर उन्हाळ्यात भरतो. नव्या लोकांसाठी तिथे एक छोटा स्टेज असतो आणि तिथून पुढे बरेच जण वर गेले आहेत. दोघींनी आपापली रेकॉर्डिंग पाठवली. निवड करणारा होता डीन नावाचा माणूस. त्याने उर्वीला फोन केला. म्हणाला, तू मस्त आहेस, खरंच मस्त आहेस, पण मुलगी आम्ही घेतली आहे.

“कोण?” उर्वीने विचारलं.

“केमी.”

त्या लाइन-अपमध्ये अठरा नावं होती. सतरा पुरुषांची. त्या सतरांपैकी एकाचंही नाव आज उर्वीला आठवत नाही. त्यातले निम्मे आपल्यापेक्षा कच्चे होते, हे तिला तेव्हाही माहीत होतं. पण त्यांचा राग आला नाही. राग आला तो अठराव्या नावाचा. तिच्या डोक्यात खुर्ची एकच होती आणि त्या खुर्चीवर केमी बसली होती.

ती केमीबरोबर ब्रिस्टलला गेली. बॅग धरली, पाणी दिलं. लख्ख दुपार होती. केमीला वीस मिनिटं मिळाली होती आणि उर्वीने फोनवर शूटिंग करायचं ठरलं होतं. दुसऱ्या गाण्याला मैदानात इकडेतिकडे फिरणारे लोक स्टेजकडे वळायला लागले. तिसऱ्याला गर्दी झाली. केमीने बसमध्ये लिहिलेलं ते सगळ्यात अवघड कडवं सुरू केलं, एका श्वासात आठ ओळी. आणि तिथे उर्वीने बोटाने लाल बटण दाबून रेकॉर्डिंग बंद केलं. फोन तसाच वर धरून ठेवला. नंतर केमीला म्हणाली, बॅटरी गेली. केमीची आई शेजारी उभी होती. तिने उर्वीला मिठी मारली आणि तुझीही वेळ येईल म्हणाली.

त्यानंतर केमीचं फार लवकर झालं. मॅनेजर मिळाला, रेडिओवर गाणं वाजलं, मुक्काम लंडनला हलला. उर्वी ब्रॅकनेलच्या ऑफिसच्या कार पार्कमध्ये गाडीत बसून सँडविच खायची आणि फोनवर केमीचं पान उघडायची. कालपेक्षा किती माणसं वाढली ते बघायची. कोणत्या फोटोत कोणता कोट, तो कोणी दिला असेल. खाली लिहायची, ‘सो प्राउड ऑफ यू’, तीन बदाम टाकायची आणि फोन बाजूच्या सीटवर फेकायची. केमी तिला बोलवायची. उर्वी कामाची सबब सांगायची. स्वतःचं लिहिणं जवळजवळ बंद पडलं होतं. वही उघडली की केमीच्या चालीतल्या ओळी सुचायच्या.

अशात रीडिंगमधल्या दोन पोरांनी तिला त्यांच्या पॉडकास्टवर बोलावलं. एका न्हाव्याच्या दुकानावरच्या खोलीत रविवारी दुपारी ते रेकॉर्ड करायचे. विषय होता रीडिंगचं रॅप. उर्वीने आठवडाभर तयारी केली, नवीन कडवंही लिहिलं. तिथे अर्धा तास त्यांनी केमीविषयीच विचारलं. ती कशी होती, आधीपासून चांगली होती का, आता भेटते का. मग एकाने विचारलं, लोक म्हणतात केमीचे बार्स तिचा प्रोड्यूसर लिहून देतो. तू तर तिला जवळून ओळखतेस. खरं आहे का?

उर्वी हसली. मग म्हणाली, “ते त्यालाच विचारा ना.”

बस, एवढंच. ती दोन पोरं टेबलावर हात आपटून हसली. नवीन कडवं म्हणायचं राहूनच गेलं.

तेवढाच तुकडा कापून त्यांनी नेटवर टाकला आणि तो पसरला. केमीची जुनी मैत्रीणच सांगतेय म्हटल्यावर लोकांना पुरावा मिळाला. केमीच्या प्रत्येक गाण्याखाली एकच प्रश्न यायला लागला: पेन कोणाचं? मुलाखतीतही तोच. एका मोठ्या गायकाच्या सहा शहरांच्या दौऱ्यात केमी आधी गाणार होती. त्यांनी सध्या वाद नको म्हणून दुसऱ्या एका मुलाला घेतलं. पंधरा दिवसांत हे सगळं झालं.

आणि मग एक दिवस लंचच्या वेळी केमी ब्रॅकनेलला ऑफिसबाहेर उभी होती. ट्रेनने आली होती. दोघी कार पार्कच्या कडेच्या बाकावर बसल्या. बोलणं अर्थात इंग्रजीत झालं. उर्वीने मला सांगितलं तसं मी मराठीत लिहिते.

केमीने विचारलं, “ब्रिस्टलचं कडवं कोणी लिहिलं?”

“तू.”

“तेव्हा तू कुठे होतीस?”

“तुझ्या शेजारी. बसमध्ये.”

मी मस्करी केली होती, असं उर्वी म्हणायला गेली, पण ते तिच्याच्याने पूर्ण करवलं नाही.

“पोरं असलं बोलतात तेव्हा मी झटकून टाकते,” केमी म्हणाली. “ती बोलणारच. पण तू बोललीस ना, म्हणून लोकांना ते खरं वाटलं.”

“मला ती जागा हवी होती,” उर्वी म्हणाली.

“मला दोन हव्या होत्या. मी डीनला तुझं नाव दिलं होतं. तो म्हणाला, दोन मुली जास्त होतात.”

“मग तू का गेलीस?”

“तू गेली नसतीस?”

केमीने उठून स्टेशनचा रस्ता विचारला. गाडीने सोडते म्हटलं तर नको म्हणाली.

त्या संध्याकाळी उर्वीने स्वतःच्या पानावर लिहिलं, की केमी आपलं सगळं स्वतः लिहिते, मी गमतीत बोलले होते. पॉडकास्टचा तुकडा दोन लाख लोकांनी पाहिला होता. हे तीनशे लोकांनीही वाचलं नाही. वाचणाऱ्यांतले काही म्हणाले, हिला आता कोणीतरी धमकावलेलं दिसतंय.

त्याच आठवड्यातल्या शनिवारी ती हॉलमध्ये खुर्च्या रचत होती. मधेच थांबून तिने विचारलं, “मावशी, जेलसला मराठीत काय म्हणतात?”

मी म्हटलं, दोन-तीन शब्द आहेत. हेवा आहे, मत्सर आहे. तिने फरक विचारला. मी शिक्षिकेच्या सवयीने सांगून गेले, की साधारणपणे असं समज, तिच्याकडे आहे ते मलाही हवं, हा हेवा. आणि माझ्याकडे नाही तर तिच्याकडेही नको, हा मत्सर.

तिने हातातली खुर्ची खाली ठेवली. मग म्हणाली, “आधी माझी पहिली होती. आता माझी मत्सर आहे.” आणि रडायला लागली. मग तिने मला ब्रिस्टलच्या त्या लाल बटणाविषयी सांगितलं. ते तिने तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मी तिचं व्याकरण सुधारलं नाही.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये डीनचा फोन आला. या वेळी तू ये, म्हणाला. उर्वीने विचारलं, केमीला विचारलंस का? तो म्हणाला, तिच्याभोवती जरा चर्चा चालू आहे, आम्हाला भानगड नको, आणि एक मुलगी तर लागतेच. इतकी वर्षं जिच्यासाठी जीव टाकला ती खुर्ची उर्वीसमोर आली होती, आणि ती रिकामी तिनेच केली होती. ती नाही म्हणाली. केमीला विचार, असं सांगून तिने फोन ठेवला. त्यात आपण काही मोठेपणा केला असं तिला मुळीच वाटत नाही. हो म्हणाले असते तर स्टेजवर उलटी झाली असती, असं ती सांगते.

डीनने केमीला विचारलं नाही. बर्मिंगहॅमची एक मुलगी घेतली, एकोणीस वर्षांची. यादी जाहीर झाली तेव्हा उर्वी गाडीतच होती. तिने त्या मुलीचा व्हिडिओ लावला. चांगला होता. पुन्हा लावला. कुठे चूक सापडतेय का म्हणून तिने तो पाच वेळा ऐकला. पाचव्या वेळी तिच्या लक्षात आलं, की आपण कॉमेंटच्या चौकटीत काहीतरी टाइप केलं आहे. दोनच शब्द होते. पेन कोणाचं?

तिने ते पाठवलं नाही. पण आपला अंगठा तिथपर्यंत गेला होता, याची तिला फार भीती वाटली. त्या मुलीला ती ओळखतही नव्हती. त्या मुलीने तिचं काही घेतलं नव्हतं. जागा तर उर्वीने स्वतःच सोडली होती.

तिने त्या दोन पोरांना मेसेज केला, की मला परत यायचं आहे, केमीविषयी बोलायचं आहे. त्यांना आनंदच झाला. भांडण ऐकायला मिळणार होतं. पुन्हा रविवारची दुपार, तीच न्हाव्याच्या दुकानावरची खोली. उर्वी बसल्या बसल्या बोलायला लागली. मागच्या वेळी मी खोटं सुचवलं, म्हणाली. केमीला ते कडवं लिहिताना मी स्वतः पाहिलं आहे, कोणती ओळ कितीदा खोडली तेही मला माहीत आहे. मी जळत होते म्हणून तसं बोलले. मग त्या दोघांना विचारलं, या खुर्चीवर आजवर किती मुलगे बसले? त्यांच्यापैकी कोणाला तुम्ही विचारलंत, तुझं कोण लिहितं?

एक जण म्हणाला, तसं कधी डोक्यात आलं नाही. दुसऱ्याने विषय बदलला.

त्यांनी त्यातला ‘मी जळत होते’ एवढाच तुकडा नेटवर टाकला आणि वर शीर्षक दिलं, पोरींचं भांडण मिटलं. तेही पुष्कळ फिरलं. त्यामुळे केमीवरचं किटाळ बरंचसं गेलं. सगळं नाही. अजूनही कोणीतरी विचारतोच. पण उर्वीला एक नवीन ओळख मिळाली. वर्षभर ती जिथे गेली तिथे निवेदक गमतीने म्हणायचा, ही बघा आपली जेलस गर्ल. कॉमेंटमध्ये मराठी पोरांनीसुद्धा ‘जळकी’ लिहिलं. तो शब्द तिला माझ्याकडून समजून घ्यावा लागला नाही.

केमीचा तिला एक मेसेज आला. त्यात एकच शब्द होता: ऐकलं. थँक यू नाही, आणि शिवीही नाही.

सुमनला तो तुकडा फार्मसीतल्या काउंटरवरच्या मुलीने दाखवला. त्या दिवशी ती माझ्याकडे आली. मला वाटलं, आता लाज वाटते म्हणेल. पण तिने विचारलं, “ती असल्या ठिकाणी इतकी वर्षं एकटीच जायची का गं?” मी म्हटलं, आधी दोघी जायच्या. पुढच्या महिन्यात एका पबच्या मागच्या खोलीत उर्वीचा कार्यक्रम होता, तिथे सुमन गेली. पर्स पोटाशी धरून भिंतीला टेकून उभी राहिली आणि कान दुखले म्हणून अर्ध्यातून बाहेर आली. उर्वीला त्याचं वाईट वाटलं की बरं, हे मी विचारलं नाही.

दोघींची मैत्री काही पुन्हा जुळली नाही. कुठे समोर आल्या तर मान हलवतात. केमीचा पहिला पूर्ण अल्बम गेल्या शरदात आला. लंडनच्या एका हॉलमध्ये तिचा कार्यक्रम होता. उर्वीला बोलावणं नव्हतं. तिने तिकीट काढलं आणि मागे, कोट ठेवायच्या खिडकीजवळ उभं राहून सगळा ऐकला. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रॅकनेलला जाताना गाडीतून तिने मला फोन केला. मी विचारलं, कसा झाला?

“इतका चांगला झाला मावशी, की माझ्या पोटात दुखलं.”

“मग निघून आलीस?”

“नाही. शेवटपर्यंत थांबली. टाळ्या वाजवल्या. हात लाल होईपर्यंत.”

केमीची आई पुढे होती का, हे मी विचारलं. होती, म्हणाली.

आता उर्वी बुकिंग करणाऱ्यांना एक अट घालते. मी एकटी मुलगी असेन तर येणार नाही, आणखी एकीला घ्या, मी नाव देते. चार जणांनी त्यावर फोन ठेवला. दोघांनी मान्य केलं. त्यातला एक कार्यक्रम पुढच्या महिन्यात ऑक्सफर्डला आहे. तिच्याबरोबर तनिषा नावाची मुलगी आहे, बावीस वर्षांची, लंडनच्या स्टॅनमोर भागातली. उर्वीनेच तिला शोधलं. काल सकाळी तिने गाडीतून फोन करून हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, छान केलंस.

“छान कसलं,” ती म्हणाली. “ती माझ्यापेक्षा फास्ट आहे. परवा रिहर्सलला सगळे तिच्याकडेच बघत होते. आय हेट इट, मावशी. खरंच.”

मी म्हटलं, मग दुसरी कोणी बघ, थोडी हळू म्हणणारी. तर ती माझ्यावरच चिडली. नाही, म्हणाली, तीच येणार. आणि ऑफिस आलं म्हणून तिने फोन ठेवला.